गाडीखाली डाग दिसला? आधी पुठ्ठा टाका, मग आमच्याकडे या

नमस्कार मंडळी. आमचं गॅरेज वाईत, पसरणी घाट सुरू होतो त्याच्या जरा अलीकडे, त्यामुळे आमच्याकडे दोन प्रकारच्या गाड्या येतात. एक गावातल्या रोजच्या, आणि दुसऱ्या शनिवार-रविवारी पाचगणी-महाबळेश्वरला निघालेल्या, बॉनेटमधून वाफ काढत, टोचन करून आणलेल्या. दोन्हीकडे गोष्ट तीच असते, गाडी आठ-पंधरा दिवस आधीपासून सांगत असते पण कुणी बघितलेलं नसतं, आणि मग आमच्यासमोर उभं राहून "काल संध्याकाळपर्यंत एकदम ओके होती हो". म्हणून हे पत्रक. यात रिपेरिंग शिकवलेलं नाही, फक्त काय बघायचं आणि आम्हाला काय सांगायचं तेवढंच आहे.

पुठ्ठ्याची टेस्ट

फ्रीजच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा घ्या, रात्री गाडी लावली की इंजिनखाली सरकवा आणि पुढची बाजू कुठली, डावी कुठली ते त्यावर पेनने लिहून ठेवा. हे लिहायचं सगळे विसरतात आणि मग सकाळी डाग असतो पण कुठला ते कुणालाच सांगता येत नाही. सकाळी बघा, बोट लावा, वास घ्या. चाखू नका (हसू नका, चाखणारे भेटलेत).

नुसतं स्वच्छ पाणी असेल, वास नाही, चिकटपणा नाही, आणि एसी लावून आला असाल तर ते एसीचं पाणी. काही झालेलं नाही, घरी जा. उलट मे महिन्यात एसी तासभर चालवून पण खाली थेंब पडत नसेल आणि डावीकडची मॅट ओली लागत असेल तर एसीची ड्रेन नळी चोंदलेली असते.

हिरवं, गुलाबी, नारिंगी, निळं असं काही रंगीत, हाताला जरा चिकट आणि गोडसर वास, ते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला रेडिएटरमध्ये भरतात ते. त्याच्यावर खाली सविस्तर लिहिलंय. एवढंच आत्ता सांगतो की ते विषारी असतं आणि गोड लागतं म्हणून कुत्री-मांजरं चाटतात, तेव्हा फरशी धुऊन टाका.

तपकिरी किंवा काळं, ते इंजिन ऑइल. चेंबरचं (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचं) पॅकिंग, ड्रेन नट, फिल्टर, नाहीतर क्रँकचं सील. सर्व्हिसिंग होऊन चार दिवस पण झाले नसतील आणि गळायला लागलं तर बहुतेक नट किंवा फिल्टरच असतो, आमच्याकडे सर्व्हिसिंग केलं असेल तर तशीच परत आणा, आमची चूक असेल तर एक रुपया घेणार नाही. लालसर पातळ असेल तर ऑटोमॅटिक गिअरचं किंवा जुन्या टाइपच्या पॉवर स्टीअरिंगचं ऑइल, आताच्या बऱ्याच गाड्यांत स्टीअरिंग मोटरवर चालतं, त्यात ऑइलच नसतं. घट्ट आणि घाण उग्र वासाचं म्हणजे गिअर ऑइल.

आणि एक डाग असा आहे की तो दिसला तर गाडी चालवत आणूच नका, आम्हाला बोलवा. चाकाच्या आतल्या बाजूला पातळ, फिकट पिवळसर, बुळबुळीत काही ओघळलेलं दिसलं आणि ब्रेक पेडल नेहमीपेक्षा खाली जात असेल तर ते ब्रेक ऑइल.

गाडी गरम होते म्हणजे नक्की कधी?

हा आमचा रोजचा विषय म्हणून जरा लांबण लावतो. इंजिन साधारण ९० अंशांच्या आसपास चालतं. साधं पाणी १०० ला उकळतं, आणि महाबळेश्वरच्या उंचीवर तर ९५-९६ लाच, म्हणजे नुसतं पाणी भरून घाट चढणाऱ्याकडे मार्जिन असं काही उरतच नाही. कूलंट आणि पाणी निम्मं-निम्मं असेल आणि वरून रेडिएटरच्या झाकणाने प्रेशर धरलेलं असेल तर उकळायचा आकडा १२० च्या पुढे जातो. म्हणून त्या एवढ्याशा झाकणाचं रबर कडक झालं तरी गाडी उकळते, आणि लोक रेडिएटर बदलून येतात. बोअरचं पाणी तर अजिबात घालू नका, आत क्षार बसतात, तुमच्या घरातल्या गिझरच्या कॉइलचं होतं ना तेच. दोन वेगळ्या जातीचे कूलंट पण मिसळू नका, कधीकधी आत चिखल होतो, आणि नुसता रंग सारखा आहे म्हणजे जात सारखी असं नसतं, बाटलीवर वाचा.

आता आम्हाला सांगायचं ते हे, की गाडी कधी गरम होते. ट्रॅफिकमध्ये उभी असताना टेंपरेचरचा काटा चढतो आणि हायवेला लागली की खाली येतो, तर आधी फॅन बघायचा, मोटर, रिले, फ्यूज, बऱ्याचदा स्वस्तात सुटतं. गावात ठीक आणि घाटात किंवा १०० च्या स्पीडला गरम होते, तर रेडिएटर चोंदलेला, थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघडणारा व्हॉल्व्ह) अर्धवट अडकलेला नाहीतर वॉटर पंप. डाग कुठेच नाही, पुठ्ठा कोरडा, तरी बॉनेटखालच्या बाटलीतलं कूलंट दर आठवड्याला कमी, तर ते इंजिनच पितंय अशी शंका घ्या, म्हणजे हेड गास्केट, इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग. अशा वेळी टॉपअप करत बसू नका, कारण दोन-तीन महिने टॉपअप करत काढलेली गाडी आमच्याकडे येते तेव्हा हेड वाकलेलं असतं आणि नुसत्या गास्केटचं काम हेडच्या कामावर जातं.

घाटात काटा लाल पट्ट्याकडे गेला तर एसी बंद, हीटर फुल (उकडेल, पण इंजिनची उष्णता तेवढी बाहेर येते), सुरक्षित जागा बघून बाजूला, इंजिन बंद. रेडिएटरचं झाकण निदान अर्धा तास उघडायचं नाही. हात पोळलेली माणसं आम्ही बघितली आहेत, चेहरा पोळलेला पण. आणि तापलेल्या इंजिनवर वरून गार पाणी ओतायची जी पद्धत आहे ना, ती बंद करा, हेडला तडा जातो.

डिपस्टिक

गाडी सपाट जागी, इंजिन बंद करून पाच-दहा मिनिटं थांबून, गेज (ऑइल मोजायची पट्टी, तीच डिपस्टिक) काढा, पुसा, परत घाला, मग वाचा. दोन खुणांच्या मध्ये असलं की झालं. डिझेल गाडीचं ऑइल बदलल्यावर थोड्याच दिवसांत काळं दिसतं, ते नॉर्मल आहे, "ऑइल खराब टाकलं" म्हणून भांडायला येऊ नका. दुधाच्या कॉफीसारखं दिसलं तर मात्र गाडी चालू करू नका, ऑइलमध्ये पाणी गेलंय. फक्त भरायच्या झाकणाखाली थोडा पांढरट फेस असेल, गेज स्वच्छ असेल आणि गाडी पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच फिरत असेल, तर ती आतली वाफ असू शकते, एक लांब चक्कर मारून परत बघा.

ऑइल कमी होण्याची भीती सगळ्यांना असते, वाढतं तेव्हा लोक खूश होतात. एप्रिल २०२० पासूनच्या बीएस-६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या लाइनमध्ये काजळी पकडणारा फिल्टर असतो, तो स्वतःला तापवून काजळी जाळतो, आणि त्यासाठी जास्तीचं डिझेल मारतो. गाडी कायम गावातच फिरली, ते जाळणं दरवेळी अर्धवट राहिलं, तर त्यातलं डिझेल चेंबरमध्ये उतरतं आणि ऑइलची लेव्हल वर जाते, ऑइल पातळ होतं. लेव्हल वरच्या खुणेच्या पुढे गेलेली दिसली की ऑइल बदलायची वेळ झाली असं धरा.

धूर

सकाळी गार इंजिनला पातळ पांढरी वाफ आणि सायलेन्सरमधून दोन थेंब पाणी, सोडून द्या, एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं, ते कुठूनतरी येणारच. गरम झाल्यावरही दाट पांढरा, गोड वासाचा, तर वरचं हेड गास्केट पुन्हा वाचा. निळसर म्हणजे ऑइल जळतंय. सकाळी स्टार्टला भक्कन येऊन थांबतो तर व्हॉल्व्ह सील, सारखाच येतो तर रिंग किंवा टर्बो. काळा म्हणजे इंधन जास्त, हवा कमी, आधी एअर फिल्टर बघा, उसाच्या सीझनमध्ये तर तो धुरळ्याने भरलेलाच असतो.

लाल आणि पिवळे दिवे

लाल ऑइलच्या बरणीचा दिवा चालताना लागला की "पुढच्या पंपापर्यंत जाऊ" नाही, तिथेच बंद करा. तो लेव्हलचा नाही, प्रेशरचा दिवा आहे, प्रेशर नसताना काही मिनिटांत इंजिन जाम होतं. पिवळा चेक इंजिन स्थिर असेल तर सावकाश आणा, लुकलुकत असेल तर गाडी मिसिंग मारतेय (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही) आणि सायलेन्सरमधला महागडा भाग जाळतेय, मग थांबलेलं बरं. स्कॅनर लावला की कोड येतो, पण कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे. ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला म्हणून सेन्सर बदलला आणि खरी भानगड उंदराने कुरतडलेल्या वायरची निघाली, असं होतं, म्हणून कोडवर पार्ट बदलायचा असेल तर आधी "तपासून बघितलं का" हे विचारा. आम्हाला पण विचारा.

ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेतं. डॉट-४ जातीचं ब्रेक ऑइल नवीन असताना २३० अंशांपर्यंत न उकळता टिकतं, ओल धरल्यावर १५५ पर्यंत खाली येऊ शकतं, आणि पाचगणीहून ब्रेकवर पाय ठेवून उतरणाऱ्याला तेवढी उष्णता करायला फार वेळ लागत नाही. दर दोन वर्षांनी बदला. उतरताना ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, न्यूट्रल नको.

गाडी आणताना तीन गोष्टी आठवून या. कधीपासून, गार असताना की गरम झाल्यावर, आणि शेवटचं काय काम कुठे झालं होतं. आवाज असेल तर मोबाइलवर रेकॉर्ड करा कारण गॅरेजमध्ये आली की गाडी हमखास शहाण्यासारखी वागते. आणि तो पुठ्ठा फेकू नका, डिकीत टाकून घेऊन या.