बेळगावचा घटस्फोट पुण्यात चालत नाही?

‘परराज्यातल्या कोर्टाचा घटस्फोट इथे चालत नाही, शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात पुन्हा केस टाका,’ हा सल्ला पुण्यात वर्षानुवर्षे फिरतोय. तो साफ चुकीचा आहे. अधिकारक्षेत्र असलेल्या बेळगावच्या किंवा इंदूरच्या न्यायालयाने दिलेला घटस्फोट देशभर लागू असतो. दुसरं लग्न करायचं तर हुकूमनाम्याची (न्यायालयाच्या अंतिम आदेशाची) प्रमाणित नक्कल जवळ ठेवा, आणि अपिलाची मुदत संपली का तेवढं बघा. घाई इथेच नडते.

खरी खटपट पैशांची. ठरलेली पोटगी थकली आणि नवरा हिंजवडीत नोकरीला असेल, तर मूळ न्यायालयात अर्ज करून हुकूमनामा पुण्याला वर्ग करून घ्यायचा (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम ३९) आणि इथे दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) लावायची. मग पगारावर जप्तीही आणता येते. घटस्फोट द्यायला हवा होता की नको, हे इथलं न्यायालय पुन्हा उकरत नाही.

गैरसमज बहुधा परदेशी निकालांमुळे पसरला असावा. त्यांना मात्र दिवाणी प्रक्रिया संहितेच्याच कलम १३ ची चाळणी आहे. अमेरिकेतल्या मिसुरीत नवऱ्याने मिळवलेला, हिंदू विवाह कायद्यात नसलेल्या कारणावरचा घटस्फोट सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच अमान्य केला होता.