पाऊस वावरात पडला, यंत्रावर नाही

काटोलजवळ माझ्या मामांची संत्र्याची बाग आहे. दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, अंबिया बहार ऐन फुलावर असताना, रात्री अवेळी पाऊस झाला. सकाळी प्रत्येक झाडाखाली पांढरा सडा. मामांनी हवामान आधारित फळपीक विमा काढलेला होता. त्यात अवेळी पावसाचं नुकसान पाहायला बागेत कोणी येत नाही. महसूल मंडळाच्या हवामान केंद्रात ठरलेल्या मुदतीत ठरलेल्या आकड्यापेक्षा जास्त पाऊस नोंदला गेला, की ट्रिगर लागू होतो आणि भरपाई मिळते. केंद्र बागेपासून नऊ किलोमीटरवर. तिथं त्या रात्री जेमतेम शिडकावा झाला.

"पाऊस आपल्या वावरात पडला गा, यंत्राच्या डोक्यावर नाही पडला," मामा म्हणाले.

मामांच्या या एका वाक्यात जी अडचण आहे, तिच्याशी कॅरिबियन समुद्रातली आणि प्रशांत महासागरातली अख्खी राष्ट्रं झुंजत आहेत. त्यांचा विमाही याच जातीचा आहे. फरक इतकाच की तिथं विमा काढणारा शेतकरी नसतो, देशाचं सरकार असतं.

ग्रेनाडा हा देश ३४४ चौरस किलोमीटरचा. एकट्या नागपूर जिल्ह्यात असे अठ्ठावीस देश मावतील. ७ सप्टेंबर २००४ रोजी आयव्हन नावाचं चक्रीवादळ त्यावरून गेलं. सुमारे नव्वद टक्के घरांना तडाखा बसला आणि नुकसानीचा आकडा देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीला जाऊन भिडला. ग्रेनाडा जायफळाचा देश. ती झाडं मुळासकट उपटली गेली, आणि जायफळाचं रोप फळावर यायला सहा-सात वर्षं जातात. संत्र्याची बाग उभी करणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

विम्याचं साधं गणित असं, की हजारांनी हप्ता भरायचा आणि संकट त्यातल्या दोघा-चौघांवर यायचं. म्हणजे संकटं एकमेकांपासून सुटी हवीत. बेटावर नेमकं हेच मोडतं. वादळाचा घेर देशापेक्षा मोठा असतो, त्यामुळे हप्ता भरणारे सगळे एकाच रात्री भरपाई मागायला उभे राहतात. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव भरून वाहिला, नाग नदी घराघरांत शिरली, तेव्हा नागपूरचे हाल झाले. पण बचावपथकं आली, लष्कर आलं, मदत जाहीर केली ती मुंबईत बसलेल्या राज्य सरकारनं. ग्रेनाडाला मुंबई नाही. कर भरणारे, कर गोळा करणारे आणि मदत वाटणारे, सगळ्यांचीच छपरं उडालेली असतात.

मग उपाय काय? बेटांनी एकत्र यायचं. आयव्हननंतर जागतिक बँकेच्या मदतीनं कॅरिबियन देशांनी २००७ मध्ये एक सामाईक विमा निधी उभारला, सीसीआरआयएफ या नावाचा. सुरुवातीला सोळा सरकारं होती. एकच वादळ सोळाही देशांना झोडपेल अशी शक्यता फार कमी, म्हणून प्रत्येकाचा हप्ता एकट्यानं काढलेल्या विम्यापेक्षा स्वस्त पडतो. निधीही आपल्या जोखमीचा मोठा वाटा जगातल्या पुनर्विमा कंपन्यांकडे, म्हणजे विमा देणाऱ्यांचाच विमा उतरवणाऱ्या कंपन्यांकडे, सोपवतो. त्या कंपन्यांकडे जपानचे भूकंपही असतात आणि युरोपातले पूरही, आणि कॅरिबियन वादळाचा त्यांच्याशी काही संबंध नसतो.

इथंही पडलेली घरं मोजायला कोणी जात नाही. वादळ कुठून गेलं, वारा किती होता, हे अमेरिकेच्या नॅशनल हरिकेन सेंटरच्या नोंदींवरून घेतात. देशाच्या नकाशावर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत किती मोलाची बांधकामं आहेत हे आधीच भरून ठेवलेलं असतं. संगणक दोन्हींची सांगड घालून अंदाजे नुकसान काढतो आणि ते करारातल्या उंबरठ्यापलीकडे गेलं की पैसे सुटतात, चौदा दिवसांच्या आत. १२ जानेवारी २०१० च्या भूकंपानंतर हैतीला सुमारे ७७ लाख डॉलर असेच दोन आठवड्यांत मिळाले. जुलै २०२४ मध्ये बेरील वादळानंतर ग्रेनाडाला ४ कोटी ४० लाख डॉलर मिळाले.

हे पैसे देश पुन्हा बांधायला पुरत नाहीत, आणि हे मोकळेपणानं सांगायलाच हवं. प्रशांत महासागरातल्या बेटांचीही अशीच सामाईक विमा योजना होती. मार्च २०१५ मध्ये पाम वादळानं तिथल्या वानुआतू या देशाचं सुमारे ४५ कोटी डॉलरचं नुकसान केलं; विम्याचे आले १९ लाख. पण ते आठवडाभरात आले. पहिल्या पंधरवड्यात हाती आलेल्या रकमेतून डिझेल, पिण्याचं पाणी, रस्त्यावरची झाडं हटवणं, कर्मचाऱ्यांचे पगार असं काहीबाही भागतं. वर्षभरानं येणाऱ्या मोठ्या मदतीला हे काम करता येत नाही.

वेग मिळतो तो मोजमापाच्या भरवशावर, आणि तिथंच मामांचं वाक्य परत येतं. फेब्रुवारी २०१३ मध्ये त्याच योजनेतल्या सॉलोमन बेटं या देशाच्या सांताक्रूझ भागात ८.० तीव्रतेचा भूकंप झाला, त्सुनामी आली, गावं वाहून गेली. मॉडेलच्या हिशोबात मात्र नुकसान उंबरठ्याला पोहोचलं नाही. एक पैसा मिळाला नाही आणि पुढं तो देश योजनेतूनच बाहेर पडला. जमैकानं १५ कोटी डॉलरचे आपत्ती रोखे काढले होते. वादळ ठरल्याइतकं तीव्र असेल तर गुंतवणूकदारांची रक्कम देशाला मिळते, नाहीतर त्यांना व्याजासह परत जाते. २०२४ च्या बेरीलमध्ये वादळाच्या केंद्रातला हवेचा दाब करारातल्या आकड्याखाली उतरला नाही, म्हणून रोख्यातून काहीच आलं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेलिसा आलं तेव्हा पूर्ण १५ कोटी मिळाले.

मोजमाप आणि प्रत्यक्ष नुकसान यांतल्या या फटीला विम्याच्या धंद्यात बेसिस रिस्क म्हणतात. माझ्या मते ही फट पूर्ण बुजणार नाही, पण अरुंद नक्की होते: केंद्रं दाट लावली, मॉडेलमध्ये दूरची वस्ती नीट भरली, उंबरठा एकदम सगळं किंवा काहीच नाही असा न ठेवता पायरीपायरीनं ठेवला, तर.

त्या पावसानंतर मी मंडळाचं केंद्र पाहून आलो. तारेच्या कुंपणात खांब, आणि पावसाच्या डब्याच्या आत तराजूसारख्या डुलणाऱ्या दोन इवल्या वाट्या. एक भरली की कलते, रिकामी होते, तेवढ्यात दुसरी खाली येते. प्रत्येक कलण्याची एक नोंद. आमच्या मंडळातल्या सगळ्या बागांचा पाऊस या दोन वाट्यांवर ठरतो.

मामांनी गेल्या मृगात बांधावर स्वतःचा साधा पर्जन्यमापक रोवला. रोज सकाळी साडेआठला आकडा वहीत लिहितात आणि शेजारी मंडळाचा आकडा मोबाइलवर पाहून टिपतात. विमा कंपनी ही वही मानत नाही. पहिल्या पावसाळ्याअखेर दोन रकान्यांत एकशे चाळीस मिलिमीटरचा फरक होता.