गुपित पद्धतीत नव्हे, किल्लीत: सकळ लिपीपासून वायफायपर्यंत

महानुभाव पंथाने आपले ग्रंथ शेकडो वर्षे सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्यांत जपले. पोथी परक्याच्या हाती पडली तरी ती वाचता येऊ नये, हा हेतू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वि. का. राजवाडे यांनी सकळ लिपीची उकल केली आणि जुन्या मराठीचे फार मोठे भांडार अभ्यासकांपुढे उघडले.

एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे अक्षर, हे अशा लेखनाचे मूळ सूत्र. ज्युलियस सीझरने तर फक्त प्रत्येक अक्षर तीन घरे पुढे सरकवले होते. पण अदलाबदलीत अक्षराचा चेहरा बदलतो, सवयी तशाच राहतात. मराठीत ‘ळ’ने शब्द सुरू होत नाही. शब्द तोडून लिहिलेल्या लांब मजकुरात एखादे चिन्ह मधे आणि शेवटी भरपूर दिसते, आरंभी मात्र एकदाही नाही, तर तिथे ‘ळ’चा संशय घ्यायचा. कोणते अक्षर किती वेळा येते, याची मोजणी करून संकेत फोडण्याची रीत नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने लिहून ठेवली. इंग्रजीच्या २६ अक्षरांची अदलाबदल सुमारे ४ वर २६ शून्ये इतक्या प्रकारांनी करता येते, तरी पानभर मजकूर हाती असला की मोजणीपुढे ती टिकत नाही. शक्यतांचा आकडा मोठा म्हणून कुलूप मजबूत, हा गैरसमज आजही भेटतो.

१५५३ मध्ये इटलीच्या बेलासोने वेगळी वाट काढली: किल्लीशब्द घ्यायचा आणि त्याच्या प्रत्येक अक्षरानुसार सरकवण्याचे अंतर बदलायचे. पुढे ही पद्धत चुकून व्हिजनेरच्या नावावर गेली. तिचे दुखणे म्हणजे किल्लीशब्द संपला की पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. १८६३ मध्ये प्रशियाच्या कासिस्की या लष्करी अधिकाऱ्याने नेमके तेच पकडले. संकेतात पुन्हा पुन्हा येणारे तुकडे शोधायचे आणि त्यांच्यातली अंतरे मोजायची. ती १८, ३० आणि ४२ निघाली, तर किल्ली बहुधा ६ अक्षरांची. मग दर सहावे अक्षर वेगळे काढले की प्रत्येक गटात उरतो तो साधा सीझर.

१८८३ मध्ये भाषातज्ज्ञ केर्कहॉफ्सने या क्षेत्राचा पाया ठरलेला नियम मांडला: पद्धत शत्रूला ठाऊक झाली तरी चालेल, गुप्त राहायला हवी ती किल्ली. जर्मनीच्या एनिग्मा या संकेतयंत्राची रचना पोलिश गणितज्ञ रेयेव्स्की याने १९३२ मध्ये गणिताने उलगडली. यंत्रातल्या परावर्तक चकतीमुळे कोणतेही अक्षर स्वतःच्याच रूपात बाहेर पडू शकत नसे. मग हवामानाच्या संदेशात हमखास येणारा एखादा शब्द अंदाजाने धरायचा आणि संकेताखाली सरकवत न्यायचा. वरखाली एक जरी अक्षर जुळले, तरी ती जागा बाद. किल्ली शोधायला बसण्याआधीच शक्यतांचा मोठा ढीग बाजूला होई.

संदेशाइतकीच लांब, पूर्णपणे यादृच्छिक आणि एकदाच वापरलेली किल्ली फुटूच शकत नाही, हे अमेरिकन गणितज्ञ शॅननने १९४९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या लेखात सिद्ध केले. ‘एकदाच’ ही अट मात्र जीवघेणी आहे. १९४२ मध्ये सोव्हिएत संघात काही किल्लीपाने दोनदा छापली गेली. एकाच किल्लीचे दोन संकेत एकमेकांतून वजा केले की किल्ली नाहीशी होते आणि दोन मूळ मजकुरांतला फरक हाती राहतो. सोव्हिएत संदेश फोडण्याच्या अमेरिकेच्या व्हेनोना प्रकल्पात याच फटीतून अनेक संदेश वाचले गेले.

पुढचा पेच किल्ली पोचवण्याचा. १९७६ मध्ये डिफी आणि हेलमन यांनी तो सोडवला. छोट्या आकड्यांत पाहू. १७ आणि ३ हे दोन आकडे सगळ्यांसमोर ठरले. एकाने मनात ६ धरला: ३ चा सहावा घात ७२९, त्याला १७ ने भागून बाकी १५, ती उघड पाठवली. दुसऱ्याने ७ धरला: २१८७, बाकी ११. आता पहिला ११ चा सहावा घात घेतो, दुसरा १५ चा सातवा. १७ ने भागल्यावर दोघांचीही बाकी ८. ही सामाईक किल्ली तारेवरून गेलीच नाही. प्रत्यक्षात १७ च्या जागी २०४८ बिटांची (० किंवा १ अशा २०४८ अंकांची) मूळ संख्या वापरली जाते. समोरचा खरोखर तोच आहे, याची खात्री मात्र ही आकडेमोड देत नाही. ती डिजिटल स्वाक्षरीने वेगळी करावी लागते.

प्रत्यक्ष मजकूर झाकतो तो एईएस, म्हणजे आजची प्रमाण संकेतपद्धत. त्याआधीची प्रमाण पद्धत, म्हणजे ५६ बिटांच्या किल्लीचा डीईएस, १९९८ मध्ये खास बांधलेल्या यंत्राने तीन दिवसांच्या आत फोडला. २००१ मध्ये एईएस प्रमाण ठरला, किल्ली १२८, १९२ किंवा २५६ बिटांची.

तरीही २०१७ मध्ये वायफायच्या डब्ल्यूपीए२ या सुरक्षा पद्धतीत जुनेच दुखणे सापडले. जोडणीच्या चार निरोपांपैकी तिसरा निरोप हल्लेखोराने पुन्हा पाठवायला लावला की फोन तीच किल्ली नव्याने बसवी आणि माहितीच्या पाकिटांचा क्रमांक मूळ आकड्यावर येई. त्यामुळे किल्ली व क्रमांकाची तीच जोडी, म्हणून मजकूर झाकणारा तोच आकड्यांचा प्रवाह, दुसऱ्यांदा वापरला जाई. एईएसला धक्काही न लावता मजकूर उघडा पडू शकत होता. दुरुस्तीसाठी पासवर्ड बदलून उपयोग नव्हता. वापरात असलेली किल्ली पुन्हा बसवायची नाही, एवढा बदल फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये करावा लागला.