मधुमेहातील त्वचेची निगा (कोल्हापूर परिसर)

मधुमेह्याची त्वचा कोरडी पडू नये, भेगाळू नये, घासून सोलवटू नये आणि त्यातून जखम होऊ नये यासाठी, तसेच झालेली आग व खाज शमवण्यासाठी घ्यावयाची काळजी. तिचा मुख्य भर पावलांवर असतो. अनवाणी चालण्याचे नवस, ऊस व भाताच्या शेतातील काम आणि चामड्याचे पायताण यांमुळे कोल्हापूर परिसरात या विषयाला खास स्थानिक बाजू आहे.

रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली की पायाच्या तंत्रिकांना (मज्जातंतूंना) इजा होते. घामावर नियंत्रण ठेवणाऱ्या तंत्रिका बिघडल्याने तळव्याला घाम येत नाही, कातडी राठ होते आणि टाचेला भेगा पडतात. संवेदना वाहून नेणाऱ्या तंत्रिका बिघडल्याने आधी मुंग्या व आग होते आणि पुढे पाय बधिर होतो. बधिर पायाला चप्पल चावलेली कळत नाही, खडा टोचलेला कळत नाही. रक्तपुरवठा मंदावलेला असल्यास लहानशी सालही भरून येत नाही. ‘दुखत नाही’ हे म्हणूनच मधुमेह्याच्या पायाबाबत सुरक्षिततेचे लक्षण धरता येत नाही. या नोंदीतील सर्व सूचनांचे मूळ तेथे आहे.

प्राचीन वैद्यकग्रंथांत या विकाराचे उल्लेख आढळतात. हातापायांची आग व बधिरता ही चरकसंहितेने प्रमेहाच्या (मधुमेह ज्यात मोडतो त्या विकाराच्या) पूर्वरूपांत, म्हणजे आधीच्या लक्षणांत, सांगितली आहे. प्रमेहामुळे उठणाऱ्या पिडका (पुळ्या) चरकसंहितेत सात, तर सुश्रुतसंहितेत दहा आहेत. शराविका, कच्छपिका, जालिनी, विनता, अलजी ही त्यांपैकी काही नावे. या पिडका म्हणजे काळपुळी, असा अर्थ सामान्यतः लावला जातो. काहींना त्यांत पायाच्या चिघळणाऱ्या जखमाही दिसतात. वर्णनातील ठणका व दाह पाहता पहिला अर्थ अधिक जुळतो, कारण बधिर पायाची जखम बहुधा ठणकत नाही. सुश्रुतसंहितेचा मूळ भाग काही अभ्यासक इ. स. पू. सहाव्या शतकापर्यंत मागे नेतात, तर काही तो इसवी सनाच्या आसपासचा मानतात. ग्रंथाची आजची रचना अनेक हातांनी वाढलेली असल्याने नेमके शतक न सांगणे बरे.

याच संहितेच्या चिकित्सास्थानात निर्धन व आप्तहीन प्रमेह्याने पादत्राण व छत्री न घेता, भिक्षेवर राहून, मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने किंवा अधिक चालावे असे सांगितले आहे. चालण्याचा उपदेश आजही मान्य आहे, अनवाणी चालण्याचा मात्र नाही. पादत्राणाचा त्याग तेथे मुनिवृत्तीचा भाग म्हणून आला असावा, पायावरील उपचार म्हणून नव्हे, असे संदर्भावरून वाटते. अनवाणी चालण्याच्या समर्थनार्थ या वचनाचा आधार घेणे योग्य ठरत नाही.

कोल्हापुरात हा प्रश्न पोथीपुरता राहत नाही. नवरात्रात नऊ दिवस चप्पल न घालणारे पुष्कळ आहेत. चैत्र पौर्णिमेला जोतिबाचा डोंगर अनवाणी चढणारेही आहेत. चैत्रातली दुपारची काळी फरशी बधिर तळव्याला भाजते आणि फोड आल्याचे घरी पाय धुताना दिसते. ज्याला पायाची जाणीव कमी झाली आहे त्याने नवस दुसऱ्या रीतीने फेडावा, हे घरातल्या वडीलधाऱ्यांनी सांगितले तर अधिक ऐकले जाते. देवळात चप्पल काढावीच लागते. तेथे जाड मोजे घालून सकाळी लवकर दर्शन घेणे हा व्यवहार्य मार्ग आहे.

कोल्हापुरी पायताणाचा उगम वादग्रस्त आहे. एक परंपरा तो बाराव्या शतकातील बसवेश्वरांच्या काळाशी जोडते. दुसरे मत आजच्या घडणीचे श्रेय मुख्यतः राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीतील (१८९४–१९२२) उत्तेजनाला देते. कारागिरी जुनी आणि ख्याती अलीकडची, असे मानल्यास दोन्ही मतांचा मेळ बसतो. २०१९ मध्ये मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्र व कर्नाटक यांतील प्रत्येकी चार जिल्ह्यांना मिळून आहे. चामडे बाभळीची साल व हिरडा वापरून कमावतात. क्रोमने कमावलेल्या चामड्याने काहींना ॲलर्जीचा इसब होतो. तो धोका येथे टळतो. पण नवे पायताण कडक असते. पायताणाच्या अंगठ्यात (बोट अडकवायच्या कड्यात) बोट रुतते, कानाची (बाजूच्या चामडी पट्टीची) कड पावलाच्या बाजूला घासते आणि मागे पट्टा नसल्याने ते बोटांनी आवळून धरावे लागते. तेल लावून मऊ केलेले पायताण निरोगी पायाला काही दिवसांत बसते. बधिर पायाला मात्र ते बसेपर्यंतचा काळच घातक ठरतो. पायाची जाणीव शाबूत असलेल्या मधुमेह्याने ते घालण्यास हरकत नाही. सुरुवातीला थोडाच वेळ घालावे आणि काढल्यावर लाल वळ पाहावा.

बधिर पायासाठी सूक्ष्मछिद्री रबराच्या (एमसीआर) मऊ तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल सुचवतात. तिचे मूळ कुष्ठरोग्यांच्या सेवेत आहे. वेल्लोर येथे १९४६ पासून काम करणारे शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी बधिर पायाची जखम रोगाने आपोआप सडत नसून न जाणवणाऱ्या दाबाने होते, हे ठामपणे मांडले. तोच विचार पुढे मधुमेही पायाला लागू झाला. जाणीव तपासण्यासाठी १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवतात. ही तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी.

रोजची निगा साधी आहे. पाय कोमट पाण्याने धुवावेत (३७° से. पेक्षा कमी, ऊन-गार दुसऱ्याने पाहावे), भिजत ठेवू नयेत आणि बोटांच्या बेचक्या टिपून कोरड्या कराव्यात. तळवा, टाच व बेचक्या रात्री उजेडात पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा घ्यावा किंवा घरच्यांना पाहायला सांगावे. टाचेला युरियायुक्त मलम किंवा साधे व्हॅसलीन लावावे, बेचकीत मात्र लावू नये. कोकणातून येणारे कोकमतेल भेगांसाठी घरोघरी वापरतात. त्याचा गोळा पळीत वितळवून कढत तेल भेगेत भरण्याची रीत मधुमेह्याने सोडावी. तळहातावर चोळून मऊ केलेले कोकमतेल पुरते. कुरूप ब्लेडने कापणे, त्यावर कुरूपाची पट्टी लावणे आणि रबरी पिशवीने शेकणे, हे तिन्ही टाळावे.

पावसाळ्यात भातलावणीच्या चिखलात उभे राहिल्याने होणाऱ्या चिखल्यांना बुरशीनाशक मलम लागते. जांघ, काख व स्तनांखालील घडीतही साखरेमुळे बुरशी वाढते. घडी कोरडी ठेवावी, सुती कपडे वापरावेत. तेथे इसबाचे स्टेरॉइड मलम आपल्या मनाने लावल्यास खाज तात्पुरती थांबते आणि बुरशी पसरते.

साल निघाल्यास ती स्वच्छ पाण्याने धुऊन कोरड्या जाळीच्या कापडाने झाकावी. हळद, चुना किंवा तंबाखू भरू नये. पाय एका बाजूने गरम व लाल होणे, दुर्गंधी, काळेपणा किंवा ताप दिसल्यास त्याच दिवशी कोल्हापूरच्या सीपीआरसारख्या (छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय) मोठ्या रुग्णालयात दाखवावे. जखम भरेपर्यंत त्या पायावर भार देऊ नये.