कंट्रोल-सी आणि किल -९: कंपायलरला थांबवणं वेगळं, मारणं वेगळं

इंदूरला ताईकडे गेले होते. भाचा कॉलेजचा प्रोजेक्ट बिल्ड करत बसला होता, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्रॅम बनवत होता, आणि बिल्ड लांबला की कंट्रोल-सी दाबून थांबवण्याऐवजी सरळ दुसऱ्या टर्मिनलमधून किल -९ ही प्रोग्रॅम मारायची कमांड देत होता. "मावशी, कंट्रोल-सीच आहे गं, फक्त जास्त जोराचं." हा गैरसमज फार जणांचा आहे.

कंट्रोल-सी दाबलं की टर्मिनल २ क्रमांकाचा सिग्नल, म्हणजे 'थांब' असा निरोप, पाठवतं, आणि तो समोर चालू असलेल्या सगळ्या गटाला जातो: मेक (बिल्डची कामं ओळीने चालवणारा प्रोग्रॅम), जीसीसी (कंपाइल करायची कमांड), जीसीसीने चालवलेला खरा कंपायलर (कोडचं मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा). प्रत्येकाला आवरायला सवड मिळते. जीसीसी आपल्या तात्पुरत्या फाइली पुसतो, मेक अर्धवट लिहिलेलं टार्गेट, म्हणजे जी फाइल बनत होती ती, काढून टाकतो. इंदूरच्या सराफ्यात, म्हणजे सोन्याचांदीच्या बाजारात, रात्री खाऊचे ठेलेवाले गॅस बंद करून, कढई उचलून, जागा झाडून जातात ना, तसं. सकाळी सराफाला आपलं दुकान मोकळं मिळतं.

किल -९ प्रोग्रॅमपर्यंत पोचतच नाही. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, परस्पर त्याला संपवतो, त्यामुळे आवरणं होत नाही. शिवाय तो ज्या प्रोसेसचा (चालू प्रोग्रॅमचा) नंबर दिला तिलाच लागतो. भाचा मेकला मारायचा आणि त्याने सुरू केलेले कंपायलर मागे चालूच राहायचे!

खरा घोळ पुढच्या बिल्डला होतो. मेक फक्त फाइल कधी बदलली ती वेळ बघतो. अर्धीच लिहिलेली ऑब्जेक्ट फाइल (कंपायलरने बनवलेला तुकडा) सोर्सपेक्षा, म्हणजे मूळ कोडपेक्षा, नवी दिसली की 'हे झालंय' म्हणून पुढे जातो, आणि मग हे तुकडे जोडणारा लिंकर अडतो. म्हणून चांगल्या कंपायलरने आधी त्याच फोल्डरमध्ये तात्पुरत्या नावाने लिहावं आणि काम पूर्ण झाल्यावरच नाव बदलावं. एकाच फाइलसिस्टीममध्ये नाव बदलणं एका झटक्यात होतं. मध्ये कुणी मारलं तरी खऱ्या नावाची अर्धी फाइल राहत नाही.

कंट्रोल-सी आल्यावर मात्र कंपायलरने आवरून झालं की तोच सिग्नल स्वतःला पुन्हा पाठवून मरावं. शेलमध्ये (टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) मग निकालाचा आकडा १३० दिसतो, म्हणजे १२८ अधिक सिग्नलचा क्रमांक २. शून्य, म्हणजे 'यशस्वी', देऊन निघून गेला तर मेकला वाटतं सगळं नीट पार पडलं, आणि ही चूक मला सगळ्यात वाईट वाटते.

भाच्याला सांगितलंय: आधी कंट्रोल-सी, थोडं थांब, नाहीच ऐकलं तर -९ शिवायचा साधा किल. -९ द्यावाच लागला, तर पुढच्या बिल्डआधी मेक क्लीन चालवून बनलेल्या फाइली पुसून टाक.