1348 चे निदान : ग्रह, दूषित हवा आणि जांघेतली गाठ

1348 च्या ऑक्टोबरमध्ये पॅरिस विद्यापीठातील वैद्यकाच्या प्राध्यापकांनी राजा सहावा फिलिप याच्या आज्ञेवरून एक अहवाल तयार केला. युरोपात प्लेगने थैमान घातले होते आणि त्याचे कारण राजाला हवे होते. प्राध्यापकांनी ते अगदी वेळेसकट दिले : 20 मार्च 1345 रोजी दुपारी एक वाजता कुंभ राशीत शनी, गुरू आणि मंगळ यांची युती झाली होती. उष्ण आणि आर्द्र प्रकृतीच्या गुरूने पृथ्वीतून दूषित वाफा वर ओढल्या, उष्ण आणि कोरड्या मंगळाने त्या पेटवल्या, आणि बिघडलेली ती हवा श्वासावाटे माणसाच्या हृदयापर्यंत पोचली, असे त्यांचे म्हणणे होते.

आज हे वाचून हसू येते. पण तसे हसणे मला अन्यायाचे वाटते. ही माणसे त्या काळातली सर्वांत सुशिक्षित माणसे होती आणि त्यांचे विवेचन त्यांच्या शास्त्राला धरूनच होते. प्राचीन ग्रीसमध्ये हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतून आलेल्या आणि दुसऱ्या शतकात गॅलेनने पक्क्या केलेल्या त्या शास्त्रानुसार शरीरात रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त असे चार रस असत, आणि त्यांचा समतोल ढळला की माणूस आजारी पडे. वात, पित्त, कफ हे शब्द घरात ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही मांडणी फारशी परकी वाटणार नाही. वाढलेला रस बाहेर काढणे हाच मुख्य उपचार असल्यामुळे शीर कापून रक्त काढणे, रेच देणे, वांती करवणे आणि आहार बदलणे यांवर वैद्याचा भर असे. हवा बिघडू नये म्हणून सुगंधी लाकडे जाळावीत, आणि स्नानाने त्वचेची रंध्रे उघडून विषाला वाट मिळते म्हणून स्नान टाळावे, असाही सल्ला दिला जाई.

या शास्त्राची खरी ताकद, आणि त्याचा खरा धोका, प्लेगच्या गाठीपाशी दिसतो. गाठ बहुधा जांघेत, काखेत किंवा मानेवर येई. गॅलेनच्या अनुयायांच्या मते प्रत्येक प्रमुख अवयवाला आपले विष बाहेर टाकण्याची ठरलेली जागा होती : यकृताची जांघ, हृदयाची काख आणि मेंदूची कानामागची बाजू. म्हणजे जांघेत गाठ आली तर यकृत विष बाहेर लोटत आहे असे समजायचे, आणि त्याला मदत म्हणून त्याच बाजूची शीर उघडायची. प्रत्यक्षात यर्सिनिया पेस्टिस हा जिवाणू पिसवेच्या दंशातून शरीरात शिरतो आणि सर्वांत जवळच्या लसिका ग्रंथीत जाऊन वाढतो. पायाला पिसू चावली तर जांघेत गाठ येते. निरीक्षण बरोबर आणि कारण साफ चुकीचे, असा हा प्रकार होता. लक्षणाचे उत्तर हाताशी तयार असल्यामुळे दुसरे कारण शोधण्याची गरजच कोणाला भासली नाही, आणि आधीच गलितगात्र झालेल्या रोग्याच्या अंगातले रक्त मात्र वाहत राहिले.

आव्हिन्यो येथे पोप सहावा क्लेमेंट याच्या सेवेत असलेला गी द शोल्याक हा शल्यवैद्य उत्तम निरीक्षक होता. रोगाची दोन रूपे त्याने वेगळी ओळखली : एकात ताप येऊन रक्ताच्या थुंक्या पडत आणि तीन दिवसांत मृत्यू येई, दुसऱ्यात तापाबरोबर गाठी येत आणि रोगी पाच दिवसांत दगावे. आज आपण यांनाच फुप्फुसाचा आणि गाठीचा प्लेग म्हणतो. साथ ओसरत असताना त्याला स्वतःलाही गाठ आली, पण जवळजवळ सहा आठवडे आजारी राहून तो वाचला. हा रोग एकापासून दुसऱ्याला होतो हे त्याने स्पष्ट लिहिले, तरी मूळ कारण म्हणून तोही ग्रहांच्या युतीकडेच बोट दाखवत राहिला.

ग्रानादाचा विद्वान इब्न अल-खतीब याने मात्र संसर्ग हा अनुभवाने सिद्ध होतो असे ठामपणे मांडले : रोग्याचे कपडे आणि भांडी यांच्यामार्फत रोग पसरतो, आणि जे अलिप्त राहतात ते वाचतात. त्याच वर्षांत युरोपात ज्यूंनी विहिरींत विष कालवले अशी अफवा उठली होती, आणि फेब्रुवारी 1349 मध्ये स्ट्रासबुर्ग येथे शेकडो ज्यूंना जिवंत जाळण्यात आले. ज्यूही प्लेगने मरत आहेत, हे साधे सत्य पोप क्लेमेंटने दाखवून देऊनही जमावाने ऐकले नाही. रोगाचे कारण चुकले की त्याची किंमत केवळ रोगीच मोजतो असे नाही.

उपयोगी पडणारा उपाय वैद्यांच्या ग्रंथांतून नव्हे, तर बंदरांच्या कारभारातून आला. एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या रागुसा, म्हणजे आजच्या दुब्रोवनिक, नगराने 1377 मध्ये ठराव केला की साथीच्या प्रदेशातून येणाऱ्याने मर्कान बेटावर किंवा त्सावतात येथे एक महिना काढल्याशिवाय शहरात पाऊल ठेवू नये. पुढे ही मुदत अनेक ठिकाणी चाळीस दिवसांची झाली, आणि 1423 मध्ये व्हेनिसने एका बेटावर प्लेगच्या रोग्यांसाठी कायमचे रुग्णालय उभारले.

दूषित हवेची कल्पना मात्र सहजी गेली नाही. 1894 मध्ये हाँगकाँगला अलेक्झांडर यर्सेंने प्लेगचा जिवाणू शोधल्यानंतरही, 1896 मध्ये मुंबईत मांडवीच्या बाजूला साथ फुटली तेव्हा नगरपालिकेने आधी गटारे धुऊन काढण्यावर आणि घरांत जंतुनाशके फवारण्यावर जोर दिला. उंदरापासून माणसापर्यंत रोग पिसू पोचवते हे पॉल-लुई सिमाँने 1898 मध्ये कराचीत प्रयोगाने दाखवले, आणि तेही सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षे जावी लागली.