बॅटरी पूर्ण उतरवूनच चार्ज करावी, हा समज चुकीचा

कॉर्डलेस ड्रिल किंवा ग्राइंडर नवा घेतला की जळगाव-धुळ्याकडे एक सल्ला हमखास मिळतो : बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय चार्जिंगला लावू नका, नाहीतर तिची क्षमता घटते. हा सल्ला जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातला आहे. आजच्या बहुतेक अवजारांत लिथियम-आयन बॅटरी असते आणि तिला हा नियम लागू होत नाही. उलट, तिच्यातला एखादा सेल (बॅटरी ज्या छोट्या घटांची बनते, त्यांतला एक) साधारण २.५ व्होल्टच्या बराच खाली उतरून तसाच पडून राहिला, तर आतले तांबे विरघळू लागते आणि पुढच्या चार्जिंगच्या वेळी आतल्या आत शॉर्ट सर्किट होण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून यंत्राचा जोर कमी झाल्याचे जाणवताच काम थांबवावे. (फवारणी पंपांत अनेकदा लेड-ॲसिड बॅटरी असते, तीही पूर्ण उतरवल्याने लवकर खराब होते.)

खानदेशात खरी काळजी घ्यायची ती उष्णतेची. चार्जिंगसाठी बहुतेक उत्पादक ० ते ४० किंवा ४५ अंश सेल्सिअसची मर्यादा सांगतात, तर मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ च्या आसपास पोहोचतो आणि पत्र्याच्या शेडमध्ये उकाडा त्याहून अधिक असतो. त्यामुळे चार्जिंग सकाळी लवकर, घरात आणि डोळ्यांसमोर करावे. कामाने तापलेली बॅटरी आधी निवू द्यावी. फुगलेली बॅटरी कितीही महाग असली तरी पुन्हा चार्जरला लावू नये.